कबुतराची चिठ्ठी आणि वहीतलं गाणं

३० जानेवारी २०१९ हा दिवस आपल्या मंडळातल्या बहुतेकांच्या लक्षात असेल. त्या पहाटे मिनियापोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसवर उतरला होता. शाळा बंद होत्या. ऊन-पाऊस-बर्फ काही असो, टपाल पोचवणारच अशी ज्यांची ख्याती, त्या पोस्टानंसुद्धा त्या दिवशी हात टेकले होते. रात्री, म्हणजे साताऱ्याला उजाडल्या उजाडल्या, आईचा फोन आला. "टीव्हीवर दाखवतायत, तिकडे उकळतं पाणी हवेत फेकलं तर बर्फ होतंय म्हणे. तुम्ही बरे आहात ना रे?" मी त्या वेळी गॅरेजमध्ये, बॅटरी मेलेल्या गाडीशेजारी उभा होतो. बोटं बधिर झाली होती. म्हणालो, "अगं काही नाही, घरात हीटर आहे. सगळं ठीक आहे." मागून बाबांचा आवाज आला, "मी सांगत नव्हतो? तो ठीकच असणार."

‘सगळं ठीक आहे.’ मंडळी, आपण देश सोडला त्या दिवसापासून हे वाक्य किती वेळा बोललो असू? आणि तिकडून किती वेळा ऐकलं असेल? हा लेख खरं तर या वाक्याविषयीच आहे. पण त्यासाठी तुम्हाला आधी उत्तर ध्रुवाच्या वाटेवर यावं लागेल. घाबरू नका, परत आपल्याच गावात आणून सोडतो.

त्या थंडीनंतर तीन आठवड्यांनी, २० फेब्रुवारीला, डॉमिनिक अर्जेंटो हे संगीतकार मिनियापोलिसमध्ये वयाच्या ९१व्या वर्षी वारले. हे नाव तेव्हा मला ऐकून माहीत होतं, इतकंच. मी २००४ साली मास्टर्स करायला इथल्या विद्यापीठात आलो, तेव्हा मिसिसिपी नदीच्या एका काठावर आमचं कॉम्प्युटर सायन्स होतं आणि दुसऱ्या काठावर संगीत विभाग. अर्जेंटो १९५८पासून तिथे शिकवत होते आणि मी येण्याआधी निवृत्त झाले होते. दोन काठांना जोडणाऱ्या वॉशिंग्टन ॲव्हेन्यूच्या पुलावरून मी दोन वर्षं रोज कान झाकून गेलो, पण पलीकडे काय वाजतंय ते कधी थांबून ऐकलं नाही. असाइनमेंट, कॅम्पस जॉब आणि स्वस्तातली भाजी कुठे मिळते, यातच वेळ संपायचा.

ते गेल्यावर उत्सुकता म्हणून त्यांच्या रचनांची यादी चाळत होतो. एका नावापाशी थांबलो : ‘द आंद्रे एक्सपिडिशन’, १९८२. बॅरिटोन, म्हणजे खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज, आणि पियानो यांच्यासाठी १३ गाण्यांचा संच. विषय : बलूनमधून उत्तर ध्रुवावर निघालेली स्वीडिश मोहीम. एक गायक, एक पियानो आणि उत्तर ध्रुव! हे गणित मला जुळेना. म्हणून आधी मोहिमेची माहिती काढायला बसलो आणि त्यात गुंतत गेलो.

सालोमन ऑगस्ट आंद्रे हा स्टॉकहोमच्या पेटंट कचेरीत काम करणारा इंजिनिअर. १८९५ साली त्यानं स्वीडनच्या विज्ञान अकादमीपुढे योजना मांडली. बर्फावरून कुत्र्यांच्या गाड्या ओढत वर्षानुवर्षं कशाला खपायचं? हायड्रोजन भरलेला मोठा बलून घ्यावा, स्वालबार्ड बेटांवरून दक्षिणेच्या वाऱ्यावर सोडावा आणि थेट ध्रुवावरून पलीकडे उतरावं. बलूनला सुकाणू नसतं, तो वाऱ्याबरोबर जातो, ही अडचण त्यानं दोरांनी सोडवली होती. बलूनखाली लांबलचक जड दोर बर्फावर घासत जातील, त्यामुळे बलूनचा वेग वाऱ्यापेक्षा कमी होईल आणि मग शिडं लावून दिशा थोडी वळवता येईल. कागदावर सगळं चोख होतं. आल्फ्रेड नोबेल आणि राजा दुसरा ऑस्कर यांनी पैसे दिले. पॅरिसमध्ये रेशमाचे थर शिवून, वर वॉर्निश देऊन बलून तयार झाला. नाव ठेवलं ‘ओर्नेन’, म्हणजे गरुड.

हा गरुड एकदाही चाचणी न घेता पॅरिसहून थेट स्वालबार्डला गेला. आमच्या धंद्यातल्या वाचकांना इथेच घाम फुटला असेल. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन! १८९६च्या उन्हाळ्यात वाऱ्यानं साथ दिली नाही आणि मंडळी परत आली. त्या तुकडीत नील्स एकहोल्म हा हवामानशास्त्रज्ञ होता. त्यानं मोजमाप करून सांगितलं, की बलून गळतोय. रेशमाच्या शिवणीला सुईची सुमारे ८० लाख भोकं होती आणि प्रत्येकातून थोडा थोडा हायड्रोजन निसटत होता. पुढे त्याला कळलं, की गळती लपावी म्हणून आंद्रे गुपचूप जादा हायड्रोजन भरायला लावत होता. एकहोल्मनं अंग काढून घेतलं. त्याच्या जागी क्नूट फ्रेंकेल हा २७ वर्षांचा धट्टाकट्टा इंजिनिअर आला. तिसरा होता निल्स स्ट्रिंडबर्ग, वय २४, भौतिकशास्त्र शिकलेला, हौशी नव्हे तर पक्का फोटोग्राफर. नुकतीच त्याची सोयरीक झाली होती. मुलीचं नाव ॲना शार्लिए. ती पियानो वाजवायची.

आंद्रे गळती का लपवत होता? मला वाटतं, तो लबाड नव्हता, अडकला होता. राजानं पैसे दिलेले, वर्तमानपत्रांनी वीर ठरवलेलं, गावानं हार घालून निरोप दिलेला. एकदा हात हलवत परत आलेला माणूस दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं थांबणार? यात मी फार वरून बोलू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटकडे माझ्या प्रोजेक्टच्या साप्ताहिक रिपोर्टमध्ये मी सलग सहा आठवडे हिरवा रंग दाखवत होतो. गळती मला दिसत होती. आमच्यातल्या एका ज्युनिअर मुलीनं ती मीटिंगमध्ये बोलूनही दाखवली आणि मीच तिला म्हणालो, "आपण हे नंतर बघू." सिस्टिम सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी कोसळली. कोणी मेलं नाही, एवढाच काय तो फरक.

११ जुलै १८९७ रोजी बलून उडाला. पहिल्या काही मिनिटांतच तो समुद्राकडे झुकला आणि त्याच गडबडीत दोरांचे खालचे भाग, जे पिळानं जोडलेले होते, ते सुटून पडले. वाचायला म्हणून वाळूची पोतीही टाकावी लागली. म्हणजे सुकाणू गेलं आणि हलका झालेला बलून नको तितका वर चढला. सुमारे साडेदहा तास तो मोकळा उडाला. मग धुक्यानं भिजून जड झाला आणि बर्फावर आपटत, खरडत पुढे सरकत राहिला. १४ जुलैला ८२ अंश ५६ मिनिटांवर तिघंही खाली उतरले. ध्रुव अजून कितीतरी दूर होता.

आता कबुतराची गोष्ट. त्यांनी बरोबर टपालाची कबुतरं नेली होती. त्यातलं एक दमून एका नॉर्वेजियन जहाजावर बसलं आणि खलाशांनी ते टिपलं. त्याच्याजवळ १३ जुलैच्या दुपारी लिहिलेली आंद्रेची चिठ्ठी होती. आपण कुठे आहोत याचे अंश, कोणत्या दिशेला चाललोय ते आणि सगळे ठीक असल्याची खबर. कबुतरांकडून जगाला मिळालेली ही एवढीच खबर. चिठ्ठी लिहिली तेव्हा बलून बर्फावर आदळत होता आणि दुसऱ्या दिवशी प्रवास संपणार होता.

त्यानंतर तिघांचं काय झालं ते ३३ वर्षं कळलं नाही. १९३०च्या ऑगस्टमध्ये ब्राटवॉग नावाचं नॉर्वेजियन जहाज स्वालबार्डच्या पूर्वेच्या क्वित्योया, म्हणजे ‘पांढऱ्या बेटा’वर लागलं. एरवी बर्फानं वेढलेल्या या बेटाचा किनारा त्या वर्षी मोकळा झाला होता. तिथे खलाशांना मोहिमेची होडी सापडली, मग माणसांचे अवशेष, मग वह्या. थोड्या दिवसांनी दुसऱ्या जहाजाला फोटोच्या फिल्मही सापडल्या. ३३ वर्षं बर्फात भिजलेल्या त्या फिल्मवरून स्टॉकहोमच्या यॉन हर्ट्झबर्ग यांनी ९३ चित्रं वाचवली. त्यातलं एक तुम्ही कदाचित पाहिलं असेल : बर्फावर आडवा पडलेला प्रचंड बलून आणि शेजारी उभी दोन छोटी माणसं. फोटो काढणारा तिसरा, स्ट्रिंडबर्ग.

वह्यांनी मधल्या अडीच-तीन महिन्यांचा हिशेब दिला. सुमारे २०० किलोच्या एकेक बर्फगाड्या ओढत ते पूर्वेकडे चालले आणि पायाखालचा बर्फ त्यांना पश्चिमेकडे नेत राहिला. मग दिशा बदलली, तर बर्फानंही दिशा बदलली. पाय सुजले, पोटं बिघडली, डोळे बर्फाच्या उजेडानं चुरचुरले. अस्वलाचं आणि सीलचं मांस खाल्लं. १८ सप्टेंबरला त्यांच्या राजाच्या राज्यारोहणाला २५ वर्षं होणार होती, तर या तिघांनी तरंगत्या बर्फावर झेंडा लावून मेजवानी केली आणि राष्ट्रगीत म्हटलं. (१५ ऑगस्टला पार्किंग लॉटमध्ये झेंडावंदन करणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.) ऑक्टोबरच्या सुरुवातीला पांढऱ्या बेटावर पाय टेकले आणि थोड्याच दिवसांत नोंदी थांबल्या. आधी स्ट्रिंडबर्ग गेला, कारण बाकीच्या दोघांनी त्याला खडकाच्या कपारीत पुरलेलं होतं. ते का मेले यावर आजही वाद आहे. अन्न शिल्लक होतं, काडतुसं होती. अस्वलाच्या कच्च्या मांसातल्या जंतांपासून ते मॉर्फिनपर्यंत अनेक तर्क आहेत.

आता गाण्यांकडे येतो.

ज्याला इथे आर्ट साँग म्हणतात, त्याला आपल्याकडचा जवळचा शब्द भावगीत. चांगली कविता, तिला विचारपूर्वक दिलेली चाल आणि एक गायक. फरक इतकाच, की पियानोची साथ ही नुसती साथ नसते, तीही अर्ध्या गोष्टी बोलते. अशी गाणी एका सूत्रात ओवली की गीतसंच होतो. आपलं ‘गीतरामायण’ आठवा. गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली आणि पुढे मैफलींतून बाबूजी एकटेच दशरथही व्हायचे, कौसल्याही आणि रामही. युरोपात शूबर्टनं १८२७ साली हिवाळ्यातल्या पायी प्रवासावर २४ गाण्यांचा असाच संच केला होता.

पण शूबर्टला काय, गदिमा-बाबूजींना काय, हाताशी कविता होती. तिला छंद असतो, यमक असतं, चालीला पाय ठेवायला जागा असते. अर्जेंटोंनी आंद्रेच्या मोहिमेवर कविता घेतली नाही. त्यांनी त्या वह्या आणि पत्रंच घेतली, इंग्रजी भाषांतरातून. हा त्यांचा जुना नाद होता. १९७५ साली त्यांना पुलित्झर मिळालं ते व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेच्या रोजनिशीला लावलेल्या चालींसाठी. आंद्रेचा संच त्यांनी होकान हागेगोर्ड या स्वीडिश बॅरिटोनसाठी लिहिला. बर्गमनच्या ‘मॅजिक फ्लूट’ सिनेमातला पापागेनो ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा गायक ओळखीचा वाटेल.

संचाचे दोन भाग आहेत : ‘हवेत’ आणि ‘बर्फावर’. गाण्यांची नावं बघितलीत तर तुम्हाला हसू येईल. एक हवेतल्या जेवणाचं. एक बर्फगाडीच्या अपघाताचं. एक राजाच्या सोहळ्याचं. एक चक्क आजारपणाचं आणि औषधांचं. एक भासांचं. एक ॲनाच्या वाढदिवसाचं. चाल लावायची म्हटली, तर मोहिमेच्या महत्त्वाकांक्षेला लावावी, मरणाला लावावी. गोळ्या-औषधांच्या नोंदीला कोणी चाल लावतं का? मलाही हेच वाटलं होतं.

मग माझ्या मुलीला पियानो शिकवणाऱ्या बाईंनी एका संध्याकाळी आम्हाला एका चर्चच्या छोट्या हॉलमध्ये बोलावलं. एक तरुण विद्यार्थी हा संच गाणार होता. श्रोते चाळीसेक. बाहेर मार्चचा बर्फ. पहिल्या दोन-तीन गाण्यांत मला काही धरता येईना, कारण आपला कान सम शोधत असतो आणि गद्याला सम नसते. हळूहळू लक्षात आलं, की चाल बोलण्याच्या मागून चालली आहे. माणूस वहीत लिहिताना जिथे थांबेल तिथे ती थांबते, जिथे शब्द शोधेल तिथे घुटमळते. तिघांचेही शब्द एकाच गळ्यातून येतात, त्यामुळे काही वेळानं कोण बोलतंय हे शोधणं आपण सोडून देतो.

ॲनाच्या वाढदिवसाचं गाणं आलं तेव्हा मात्र माझा धीर सुटला. तिचा वाढदिवस २५ जुलैला. बर्फावर उतरून अकरा दिवस झाले होते. स्ट्रिंडबर्ग तिला लघुलिपीत पत्रं लिहायचा, जी टाकायला पोस्ट नव्हतं. तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस, घरी येऊच, असा पत्रांचा सूर. म्हणजे तेच, आपलंच वाक्य. ॲना पुढे अमेरिकेत येऊन पियानो शिकवू लागली, एका इंग्रज गृहस्थाशी तिनं लग्न केलं, इंग्लंडला गेली. ती पत्रं वाचायला मिळाली तेव्हा तिचं तारुण्य सरलं होतं. १९४९ साली ती वारल्यावर तिच्या इच्छेप्रमाणे तिचं हृदय चांदीच्या पेटीत ठेवून स्टॉकहोमला निल्सजवळ पुरण्यात आलं. गायकाला हे सगळं माहीत असतं, श्रोत्यालाही. फक्त पत्र लिहिणाऱ्याला माहीत नसतं. कबुतराची चिठ्ठी आणि वहीची पानं यांच्या मध्ये जी जागा राहते, ती त्या पियानोला भरायची असते.

ध्रुवाच्या मोहिमांवर संगीत करणारे अर्जेंटो एकटे नव्हेत. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन १२९ माणसं आणि दोन जहाजं घेऊन आर्क्टिकमध्ये गेले, कोणीही परतलं नाही आणि त्यांच्या पत्नीच्या वाट पाहण्यावर इंग्रजीत लोकगीत झालं. आपल्या मिनेसोटाच्या बॉब डिलननं १९६३च्या एका गाण्यासाठी त्याची चाल घेतली. दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉटवर १९४८ साली सिनेमा निघाला. त्याच्या संगीतातून व्हॉन विल्यम्स यांनी पुढे ‘सिन्फोनिया अंतार्तिका’ ही सिंफनी केली. १९५३ साली मँचेस्टरला ती प्रथम वाजली. तिच्यात वाऱ्याचा आवाज काढणारं यंत्र आहे आणि शब्दांवाचून गाणाऱ्या बायकांचे आवाज आहेत. ती ऐकताना बर्फ दिसतो, माणूस मुंगीएवढा होतो. स्कॉटच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१२ साली, सिसिलिया मॅकडॉवल यांनी त्याच्या पत्रांतले शब्द घेऊन टेनर आणि वाद्यवृंदासाठी रचना केली. तिचं नाव ‘शून्याखाली सत्तर अंश’. हे शब्द स्कॉटच्या पत्नीला लिहिलेल्या शेवटच्या पत्रातले. तीस वर्षांच्या अंतरानं आंद्रेच्या सोबत्याचं आणि स्कॉटचं पत्र एकाच प्रकारे गाण्यात आलं, कारण दोघंही घरच्यांशी बोलत होते.

आता परत साताऱ्याला. २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, बाबा गेले. मी जाऊ शकलो नाही. शेवटचे दहा दिवस रोज फोन होत होता आणि ते रोज म्हणत, "मी ठीक आहे, तू कामाचं बघ." डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा आईनं त्यांची रोजनिशी हातात दिली. एका सहकारी बँकेची फुकट मिळालेली डायरी. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते, त्यांच्या नोंदी तशाच. दुधाचे पैसे. पाण्याची वेळ. ताप किती, ऑक्सिजन किती, गोळी किती वाजता. आणि रोज एक ओळ : अमेरिकेचा फोन, इतकी मिनिटं. शेवटच्या आठवड्यात ऑक्सिजनचे आकडे खाली उतरत गेले होते आणि फोनची मिनिटं कमी होत गेली होती. कारण त्यांना तेवढंच बोलता येत होतं. त्या दोन रकान्यांमध्ये सगळं लिहिलेलं होतं. फोनवर मला कबुतर मिळत होतं, खरी हकिगत डायरीत होती.

अर्जेंटोंनी औषधांच्या नोंदीला चाल का लावली, हे मला त्या दिवशी कळलं. त्या गाण्याला शोभेची कविता चाललीच नसती.

जाता जाता एक विनंती. आपल्या मंडळात १९६०-७०च्या दशकांत आलेली काही वडीलधारी मंडळी अजून आहेत, दरवर्षी एक-दोन खुर्च्या मात्र रिकाम्या होतात. त्यांच्याकडे निळे एरोग्राम असतील, हिशेबाच्या वह्या असतील, कॅसेटवर टेप करून पाठवलेले आवाज असतील. येत्या गणपतीत त्यांच्या शेजारी जरा बसा आणि विचारा. घर आवरताना त्या वह्या रिसायकलच्या डब्यात टाकू नका. आपल्याकडे अर्जेंटो जन्माला यायचा असेल तेव्हा येईल, वह्या आत्ताच सांभाळायला हव्यात.

आणि आज रात्री घरी फोन केलात, तर एकदा तरी खरं सांगून बघा. मी आईला सांगतो आता. परवाच म्हणालो, "आई, आज फार थंडी आहे ग, आणि मला कंटाळा आलाय." ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "मलाही रे." त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो.